ता.क. मध्ये लपवलेला प्रश्न

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय. मोठं होतं, थोडं कापून देते.

"मावशी, मी नाशिकला असते, वय 26, बँकेत नोकरी. माझ्याकडे 60 सेंटीमीटरची रेझिनची (कडक प्लास्टिकसारखं असतं ते) बॉल जॉइंटेड, म्हणजे गोल सांध्यांची, सगळी सुटी होणारी बाहुली आहे, चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा ती मुलगी होती. आधी लांब विग काढून बारीक केसांचा लावला, मग कंपनीचा फेसअप, म्हणजे चेहऱ्याचं रंगकाम, पुसून स्वतः केला, भुवया जाड केल्या, ओठांचा गुलाबी काढला, आणि आता तो ईशान आहे. फक्त बॉडी मुलीचीच आहे त्यामुळे शर्ट नीट बसत नाही. छाती सँडपेपरने घासून सपाट करता येईल का, की मुलाची बॉडी मागवू? कस्टम ड्युटी धरून 30 हजारांच्या पुढे जातंय. गेल्या आठवड्यात आई गौरींचे मुखवटे काढायला माळ्यावर चढली आणि तिला माझा डबा सापडला, तेव्हा ईशानला मी रंगासाठी सुटा केला होता, म्हणजे धड वेगळं आणि डोळे काढलेलं डोकं वेगळं. ती किंचाळली. तिला वाटलं कोणीतरी करणी केलीये. त्यात या रविवारी मुलगा बघायला येतोय.

ता.क. – ईशानचे फोटो टाकतो तेव्हा खाली त्याच्या तोंडून लिहितो, आज मी इथे गेलो, तिथे बसलो वगैरे. मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर चुकून 'मी निघालो' टाइप केलं. सगळे हसले, ऑटोकरेक्ट म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही. दिवसभर बरं वाटत होतं. ह्याचा अर्थ काय? ईशानला विकून टाकला तर हे जाईल का?"

खाली सही आहे "तुमची/तुमचा भाचा/भाची".

प्रिय भाचरू,

बघ, शब्द आहे आपल्याकडे, भाचा पण नाही भाची पण नाही. तू पत्र "असते" ने सुरू केलंस आणि ता.क. मध्ये "टाकतो, लिहितो" वर आलंस, मला वाटतं टाइप करताना तुझं लक्षही गेलं नसेल, किंवा गेलं असेल आणि मुद्दाम ठेवलं असशील, मला दोन्ही चालतं. पण माझी पंचाईत झाली ना, तुला "करतेस" म्हणू की "करतोस" म्हणू? म्हणून ठरवलंय की या उत्तरात तुझ्यासाठी दोन्ही टाळायचं, आणि अगदीच अडलं तर भाचरू नपुंसकलिंगी आहे म्हणून सरळ आलंस-गेलंस करायचं. (त्या शब्दातल्या नपुंसकवर जाऊ नकोस, व्याकरणवाल्यांनी नाव वाईट ठेवलंय, गोष्ट चांगली आहे. माझी आजी सावंतवाडीची, मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि चेडू नपुंसकलिंगीच, त्यामुळे तिच्या लेखी मी लग्न होईपर्यंत "ता", म्हणजे "ते", होते. कोणाचं काही बिघडलं नाही.)

आधी सँडिंग, कारण त्याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे.

घासू नकोस. म्हणजे येतं घासता, लोक करतात, पण ही बॉडी आतून पोकळ असते, रेझिनची भिंत काही ठिकाणी अगदी पातळ असते, आणि छातीचा उंचवटा पूर्ण सपाट करायला गेलं की मध्येच भोक पडतं, मग आतून एपॉक्सी पुट्टीचा थर देऊन परत घासत बसा. दुसरं म्हणजे चार वर्षांत तुझं रेझिन बाहेरून थोडं पिवळट झालंच असणार, घासलेला भाग आतला, पांढरट निघतो, आणि शर्टाची दोन बटणं उघडी ठेवली की तो डाग दिसतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेझिनची धूळ फुफ्फुसांसाठी वाईट आहे. समजा कधी सांध्याची कड वगैरे घासावी लागलीच तर पाण्याखाली ओली घासायची, चांगला घट्ट बसणारा मास्क लावून, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये अजिबात नाही. मी एकदा केलंय, म्हणून सांगते. सासूबाईंनी त्या सिंकमध्ये महिनाभर कोथिंबीर धुतली नाही.

मग काय करायचं? 30 हजार टाकायच्या आधी स्वस्तातलं करून बघ. बाहुल्याला आत घालायला एक घट्ट बंडी शिव, जुन्या होजिअरी टी-शर्टच्या कापडाची, छाती दाबली जाते आणि शर्टाची फॉल बदलते. खांद्याला आतून पातळ फोमचा तुकडा. मग महिनाभर बघ की डोळ्याला पुरतंय का. नाही पुरलं तर बॉडी मागवायला मोकळं, आणि त्यात चूक काहीच नाही, या छंदात डोकं एका कंपनीचं आणि धड दुसऱ्याचं हे रोजचं आहे, त्याला हायब्रिड म्हणतात हे तुला माहीतच आहे. बऱ्याच कंपन्या तर तेच डोकं मुलीच्या बॉडीवर पण विकतात आणि मुलाच्या बॉडीवर पण, तुम्ही निवडा. 1999 साली जपानच्या व्होक्स कंपनीने सुपर डॉल्फी काढली तेव्हापासून या बाहुल्यांची सगळी मजा यातच आहे, की आत इलॅस्टिक आहे, हुक आहे, सगळं सुटतं आणि परत ओवता येतं. फक्त मागवताना मानेचं माप आणि रेझिनचा रंग नीट जुळवून घे, "नॉर्मल स्किन" या नावाखाली प्रत्येक कंपनी वेगळाच रंग देते, आणि तुझं डोकं जुनं असल्याने कोराकरकरीत पांढरा-गुलाबी घेतलास तर मान कापून चिकटवल्यासारखी दिसेल.

हे झालं. आता ता.क.

तीन पानं सँडपेपरवर आणि खरा प्रश्न ता.क. मध्ये, डॉक्टरांकडे सर्दीचं औषध घ्यायला जाऊन दारातून बाहेर पडताना "अहो, आणि हे छातीत दुखतं ते कशाने?" विचारणारे असतात ना, तसलं झालं हे.

तू ट्रान्स आहेस का, म्हणजे जन्मापासून मुलगी म्हटलं गेलं तरी आतून मुलगी नाहीस का, हे थेट विचारलं नाहीयेस, पण विचारायचं तेच आहे असं धरून चालते. मला माहीत नाही. आणि ईशानलाही माहीत नाही. बाहुल्याला साक्षीदार म्हणून उभं करू नकोस, तो कच्चा साक्षीदार आहे. पुरुष बाहुले करणाऱ्या बायका मला कितीतरी माहीत आहेत, एकीकडे सतरा आहेत, एकापेक्षा एक देखणे, आणि ती बाई स्वतः बाई असण्यात मजेत आहे, तिला फक्त देखणे पुरुष बघायला आवडतात आणि नवऱ्याची हरकत नाही. उलटंही आहे, दाढीवाले गृहस्थ, ट्रकचे सुटे भाग विकतात, घरी ब्लाइथ नावाच्या मोठ्या डोळ्यांच्या बाहुल्यांचे गाल पेस्टलने रंगवतात. त्यातून काही निघत नाही, छंद निघतो. तसंच लहानपणीचे पुरावे शोधायला लागू नकोस. बरेच जण लिहितात की मावशी बाहुला-बाहुलीच्या लग्नात मी कायम वरपक्षात असायचे. अगं मीही असायचे! वरपक्षाला मानपान, रुसून बसता येतं आणि चुरमुऱ्यांचे लाडू आधी मिळतात, कोण जाईल वधूपक्षात.

खेळण्यांच्या कंपन्यांनीच हा घोळ मुळात इतका घट्ट करून ठेवलाय की हसू येतं. 1964 ला हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने जी.आय. जो नावाचा सैनिक काढला, कपडे बदलता येणारी, हातपाय हलणारी सरळसरळ बाहुली, पण मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून तिला "अ‍ॅक्शन फिगर" असं नाव दिलं. शब्द बदलला आणि धंदा झाला. मग 1993 च्या नाताळच्या सुमारास काही अमेरिकन खटपट्यांनी, बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन नाव घेतलेलं त्यांनी, बोलणाऱ्या बार्बी आणि बोलणारे जी.आय. जो विकत आणून आतल्या आवाजाच्या डब्या अदलाबदल केल्या आणि गुपचूप परत दुकानांच्या फळीवर नेऊन ठेवले. पोरांनी घरी नेऊन बटण दाबलं तर सैनिक स्वप्नातल्या लग्नाची तयारी करतोय आणि बार्बी सूड घ्यायच्या गोष्टी करतेय. शेवटी 2019 ला खुद्द बार्बीवाल्या मॅटेलने क्रिएटेबल वर्ल्ड नावाचा संच काढला, त्यातली बाहुली मुलगा की मुलगी ते सांगितलेलंच नाही, बारीक केस, सोबत लांब केसांचा विग, पँट पण आणि स्कर्ट पण. म्हणजे तू माळ्यावरच्या डब्यात जे केलंस ते कंपनीने खोक्यात घालून विकायला आणलं. तेव्हा तू काही जगावेगळं, एकटं नाहीस एवढं कळावं म्हणून सांगितलं, बाकी या इतिहासातून तुझं उत्तर निघणार नाहीये.

माझ्या मते सगळ्या पत्रात दखल घेण्यासारखी गोष्ट ईशान नाहीच. ती आहे "मी निघालो".

कारण ते ईशानने लिहिलं नव्हतं. ते तू लिहिलंस, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरवरून, आणि दुरुस्त केलं नाहीस आणि दिवसभर बरं वाटलं. इंग्रजीत लिहिलं असतंस तर हे कधी झालंच नसतं, तिथे आय म्हटलं की आय, आपल्याकडे मात्र "मी" म्हटल्यावर दोन शब्दांत माणूस उघडा पडतो. (कोल्हापूरची असतीस, सॉरी, कोल्हापूरचं असतंस तर कोणाला कळलंही नसतं, तिकडच्या बायका बिनदिक्कत "मी आलो, मी जातो" म्हणतात. पण मग तुलाही ते बरं वाटणं कळलं नसतं.)

पण लगेच त्यावर नाव पण चिकटवू नकोस. एक शंका मला आहे. ते छान वाटलं ते शब्द अंगाला बरोबर बसला म्हणून, की चोरून केलं आणि पकडलं गेलं नाही म्हणून? चोरून खाल्लेली चिंच सगळ्यांनाच गोड लागते. ते तपासायला एक करता येईल. एक माणूस निवड, एकच, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. त्याला सांग की महिनाभर मी तुझ्याशी "आलो-गेलो-करतो" असंच बोलणार आणि तू पण मला तसंच बोल. ईशानचे फोटो, ईशानचं नाव, काही मध्ये आणायचं नाही. आणि मोठ्या वाक्यांकडे लक्ष देऊ नकोस, कंटाळवाण्या वाक्यांकडे दे. "मी सिलिंडर लावून येतो." "आज मी उशिरा उठलो, डोकं दुखतंय." तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, लाइट गेलेली असताना, काहीच मजा उरलेली नसताना सुद्धा तो शब्द आपला वाटतो का, की पँटचा पट्टा टोचावा तसा टोचतो? टोचला तर सोडून दे, कोणाला हिशोब द्यायचा नाही. नाही टोचला, आणि उलट ऑफिसात परत "येते, जाते" म्हणताना घशाशी येऊ लागलं, तर मग पुढच्या माणसाशी बोलायची वेळ आली. मुंबईत समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे, टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची) आयकॉल हेल्पलाइन आहे जिथे फोनवर प्रशिक्षित समुपदेशकांशी बोलता येतं, त्यांना हे प्रश्न नवीन नाहीत आणि ते तुला घाईने कुठल्या खोक्यात टाकणार नाहीत. आणि उत्तर पुरुष किंवा बाई असंच यायला हवं असंही नाही, मधलं येऊ शकतं, काही दिवस हे काही दिवस ते असं येऊ शकतं, किंवा असं निघू शकतं की मी बाईच आहे फक्त मला "निघालो" आवडतं. तेही उत्तरच आहे.

मधल्या काळात दम घ्यायला भूतकाळ आहे, "निघालो, उठलो" वाला नाही, सकर्मक क्रियापदांचा! "मी पोहे खाल्ले", "मी फाइल पाठवली", "मी सांगितलं". यात मी कोण ते कुठेच कळत नाही, क्रियापद पोह्यांच्या आणि फाइलच्या मागे जातं. मी हे पत्र त्याच जोरावर लिहितेय, एवढ्यात लक्षात आलं असेल तुझ्या.

विकून टाकला तर जाईल का? नाही जाणार. फक्त जिथे ते दिसत होतं ती जागा जाईल. विकायचा असेल तर पैसे हवेत म्हणून विक, कंटाळा आला म्हणून विक, घाबरून विकू नकोस, घाबरून विकलेल्या बाहुल्या लोक दोन वर्षांनी दुप्पट भावात परत शोधतात, ते मी इतक्यांदा पाहिलंय.

आईचं.

त्या माउलीची मला खरंच दया येते. डोळे नसलेलं डोकं आणि बिनडोक्याचं धड, तेही माळ्यावर, बॅटरीच्या उजेडात. आपल्याकडे काळी बाहुली रिक्षाला पण टांगतात आणि करणीच्या गोष्टीत पण तीच असते, तिने दुसरं काय समजायचं होतं? तेव्हा आधी ती भीती घालव, बाकीचं नंतर. ईशानला ओवून, डोळे बसवून, कपडे घालून समोर आण, झाकून नको. आणि तिला विचार की आई, तू त्या दिवशी माळ्यावरून काय काढायला गेली होतीस? गौरींचे मुखवटे! वर्षभर जुन्या साडीत गुंडाळलेली दोन डोकी, हात वेगळे, धडाच्या जागी लोखंडी सांगाडा नाहीतर धान्याची कोठी. तीन दिवस त्याच डोक्यांना साडी नेसवायची, नथ घालायची, आणि घरातल्या एखाद्या काकांना निऱ्या बायकांपेक्षा चांगल्या जमतात म्हणून त्यांनाच बसवायचं, त्याची कोणाला भीती वाटत नाही आणि त्या काकांना कोणी काही विचारतही नाही. डोकं-धड सुटं असण्यात करणी नाही हे तुझ्या आईइतकं कोणाला कळणार.

पत्रात एक ओळ मी वर दिली नाही, तिथे लिहिलंयस की आई ब्लाउज शिवते, ऑर्डरी घेते. मग तुझं काम सोपं आहे रे (हे "रे" चुकून आलं, राहू दे). 60 सेंटीमीटरच्या माणसाचा शर्ट शिवणं भल्याभल्यांना जमत नाही, कॉलर उलटताना रडू येतं. तिला कापड दे आणि कॉलर कशी करायची ते विचार. शिवणारी बाई अवघड माप बघून गप्प बसू शकत नाही.

पण एक सांगते, आणि हे जरा कडक सांगते. तो शर्ट शिवून घेताना त्याच्या आडून ता.क. वालं सांगायचं नाही. "बघ ना आई, हा आधी मुलगी होता, मग मुलगा झाला, किती छान दिसतो नाही?" असं सूचक बोलून ती काय म्हणते ते बघायचं, हे करावंसं वाटेल. नको. ती म्हणेल "शी, हे काय", ती बाहुल्याबद्दल म्हणेल आणि ते लागेल तुला, आणि तिला कधी कळणारही नाही की तिने तुला काय म्हटलं. जे तुझ्याबद्दल आहे ते तुझ्या तोंडून, तुझी तयारी झाल्यावर, कदाचित वर्षाने, कदाचित घराबाहेर राहायला लागल्यावर. नोकरी आहे, पगार स्वतःच्या खात्यात येतोय ना? नसेल तर ते आधी बघ, आजच.

आणि रविवार. हा सगळ्यात घाईचा मुद्दा, तू त्याला अर्धी ओळ दिलीस.

रविवार रद्द कर. मुलगा वाईट म्हणून नाही. समोरून एक माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, आईवडिलांना घेऊन, कदाचित सुट्टी टाकून येणार, त्याला वाटणार की इथे एक मुलगी लग्नाचा विचार करतेय. तू तर अजून पहिल्या शब्दावर अडलंयस. होकार आला तर काय, याचा विचार केलास? नकार द्यायला मग कारण शोधत बसशील, त्याचा पगार, त्याचं टक्कल. घरी कारण द्यायला ना बाहुला लागतो ना ओळख, "मला सध्या वर्षभर लग्नाचा विषय नकोय" हे पूर्ण वाक्य आहे. आरडाओरडा होईल, मामाचा फोन येईल, आई दोन दिवस बोलणार नाही, तेच वाक्य परत म्हणायचं, नवीन कारणं जोडायची नाहीत, कारण जोडलं की त्यावर वाद घालता येतो. आणि रविवारी फारच उशीर झाला असेल, माणसं निघालीच असतील, तर पोहे खाऊन घे, पण सोमवारी सकाळी निरोप तुझ्याकडून जाऊ दे, मध्यस्थाच्या गोड भाषेत आठवडाभर लोंबकळत ठेवू नकोस कोणाला.

मला परत लिही. पुढच्या पत्रात सही कशी करायची ते तुझं तू बघ, मी भाचरूवर खूश आहे.

आणि हो, फेसअप अर्धवट राहिलाय म्हणाली होतीस (बघ, गेलंच माझ्याकडून, होतंस) तर आत्ता श्रावणात मॅट स्प्रे, तो रंग पक्का करणारा, मारू नकोस. हवेत एवढा ओलावा असताना तो थर पांढुरका, धुरकट बसतो आणि सगळं पुसून परत पहिल्यापासून करावं लागतं. दिवाळीपर्यंत थांब, कोरडं ऊन पडलं की एक दिवस गच्चीवर जाऊन मास्क लावून मार, पातळ थर, दोन थरांच्या मध्ये अर्धा तास. तोपर्यंत डोकं कापडात गुंडाळून ठेव, खिडकीत नको, पिवळं पडेल. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिही, म्हणजे पुढच्या गौरींना आई परत किंचाळणार नाही.

– मावशी